वाळूतलं मृग नक्षत्र

वाळवंटात तंबू ठोकून एक रात्र काढायची आहे असं बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "का? घराला काय झालं?"

आता प्रश्न तसा बरोबरच आहे. वाईजवळ हळद आणि ऊस करण्यात उभा जन्म गेलेला माणूस, रात्रीची लाईट असली की पाणी द्यायला शेतावर जाऊन शेकडो रात्री उघड्यावर काढलेल्या, त्याला फोल्डिंगच्या खुर्च्या आणि बॅटरीचा कंदील घेऊन मुद्दाम गैरसोयीत जायचं म्हणजे काय हे कसं पटवणार. तारे बघायला, असं म्हटलं तर म्हणाले गच्चीवर नाहीत का. म्हणून त्यांना आमच्या शारजाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर नेलं. गुरू दिसला. बाकी सगळी विमानं. दहा मिनिटं बघून म्हणाले, "चला मग तुमच्या वाळूत."

दिवस ठरला १३ जानेवारी २०२४, शनिवार. अमावस्या दोनच दिवसांपूर्वी होऊन गेलेली म्हणजे चंद्र संध्याकाळी जरा तोंड दाखवून निघून जाणार, थंडी मस्त, दुसऱ्या दिवशी भोगी आणि सोमवारी संक्रांत. म्हणून सामानात तंबूबरोबर बाजरीचं पीठ, तीळ, वांगी-गाजर-पावट्याची पिशवी, तिळगुळाचा डबा आणि भाकरीसाठी परात पण होती. परात आणल्यावर नवरा हसला होता. ते हसू मी लक्षात ठेवलं.

जागा म्हणजे म्लेहा. शारजा शहरापासून गाडीने तासाभरावर, पूर्वेला. खरा काळाकुट्ट अंधार पाहिजे असेल तर लोक अबुधाबीत लांब अल क़ुआला जातात, आकाशगंगा बघायला, पण बाबांच्या कमरेला एवढा प्रवास नको म्हणून जवळचं. इथली वाळू दुबईकडच्यासारखी पांढुरकी नाही, तांबडी आहे, कणाकणावर लोखंडाचा गंज चढलेला. बाबांनी उतरल्या उतरल्या मूठभर उचलली, बोटात चोळली, वास घेतला आणि टाकून दिली. "ह्यात काय येणार," एवढंच.

वाळूत गाडी घालायच्या आधी टायरमधली हवा कमी करायची असते, पस्तीसची पंधरावर आणायची, म्हणजे टायर पसरट होतो आणि उंटाच्या पायासारखा वाळूवर बसतो. हे नवऱ्याला माहीत होतं. त्याचं म्हणणं, एवढं काही आत जायचं नाहीये. दोनशे मीटर पण गेलो नसू, गाडी एकदम मऊ झाल्यासारखी वाटली आणि थांबली. मग सगळे करतात तेच त्याने केलं, जोरात ॲक्सिलरेटर दिला, आणि मागची चाकं अर्धी आत. फावडं घरी. तर मी परातीने वाळू उपसायला घेतली आणि ती वाळू इतकी कोरडी आणि वाहती की एक परात काढली की वरून तेवढीच पाण्यासारखी परत चाकाखाली. बाबा शांतपणे सामान उतरवत होते. "बैल चिखलात बसला की आधी ओझं उतरवायचं, मग बैलाला बोलायचं," हे मुलाला उद्देशून.

तेवढ्यात पलीकडच्या टेकाडावरून एक जुनी पांढरी गाडी घसरत आली आणि त्यातून विशीतला एक इमाराती मुलगा उतरला, पायघोळ पांढरा कंदुरा, पायात साध्या चपला. काही बोलला नाही, चाकाशी उकिडवा बसला, किल्लीचं टोक व्हॉल्व्हमध्ये घातलं, फिस्स. चारी चाकांना तेच. मग स्वतः स्टिअरिंगवर बसला, आम्हाला पुढून ढकलायला लावलं आणि आली की गाडी मागे. नवऱ्याने थँक्यू शुक्रन सगळं एकदम म्हणून टाकलं, तर तो म्हणाला "मुश्किल माफी", म्हणजे इकडच्या खिचडी भाषेत काही प्रॉब्लेम नाही. बाबा माझ्या कानाशी, "तो कशाला माफी मागतोय गं? चूक तर आपली."

सूर्य सहाच्या आत गेला. पश्चिमेला चंद्राची कोर आणि तिच्या वर जरा अंतरावर शनी, शनिवारी शनी. नवऱ्याची रास कुंभ, साडेसाती चालू, तेव्हा गाडी का रुतली याचा खुलासा बाबांनी परस्पर करून टाकला आणि पश्चिमेकडे बघून हात जोडले. कोर आठच्या आत दुबईच्या त्या नारिंगी उजेडात बुडाली (हो, तो उजेड इथूनही दिसतोच, क्षितिजावर कोणीतरी मोठी चूल पेटवल्यासारखा) आणि मग पूर्वेकडून जे काही यायला लागलं ते यायला लागलं.

चटईवर आडवे पडलो. मी मोबाईलवरचं ॲप आकाशाकडे धरून नावं वाचत होते, गुरू, कृत्तिका, रोहिणी. अंगठा झाकेल एवढ्या जागेत कृत्तिकांचे सहा तारे मी मोजले, माझ्या मुलाने आठ. आणि मग म्हटलं, "बाबा, हे बघा मृग."

"हे?" बाबा उठून बसले. "हे तिकांडं आहे, तीन ताऱ्यांचं. मृग पावसात असतो."

मग मी समजवायला गेले, म्हणजे मला तरी कुठे नीट माहीत होतं, ॲपमध्ये तारीख पुढे सरकवून सात जूनवर नेली तेव्हा मलाही कळलं. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात गेला. सूर्यच तिथे म्हटल्यावर ते तारे दिवसाढवळ्या वर येणार आणि त्याच्याबरोबर मावळणार, दिसणार कसे. जूनमध्ये ज्याच्या नावाने पाऊस पडतो ते नक्षत्र बघायचं तर आत्ता, ऐन थंडीत, पावसाचा पत्ता नसताना. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. पावसाचा अंदाज बांधायला पंचांगात दिलेलं मृगाचं वाहन यंदा बेडूक आहे की कोल्हा आहे, म्हैस असली तर बरं, उंदीर असला तर कसं होणार, यावर ज्याने साठ उन्हाळे काढले तो माणूस. मग म्हणाले, "तिकांडं डोक्यावर आलं की दुसऱ्या वाफ्याला पाणी फिरवायचं, हे माझं घड्याळ होतं. म्हणजे मृगच होता म्हण की. रात्रभर माझ्या डोक्यावर उभा. आणि मी जूनात त्याची वाट बघत बसायचो."

मला त्यावर काही सुचलं नाही. मुलगा म्हणाला आजोबा, भूक लागली.

साडेनऊच्या सुमाराला तिळगुळाचा डबा घेऊन आम्ही त्या इमाराती मुलाच्या तळावर गेलो, उपकार ठेवायचे नाहीत म्हणून. अर्ध्या किलोमीटरवरच होता. शेकोटी, गालिचा, दल्ला म्हणजे ती चोचीची कॉफीची किटली, आणि मधोमध त्याचे आजोबा. वय पंचाहत्तरच्या पुढे असावं. आम्ही कुठले विचारल्यावर नवरा इंडिया म्हणाला, आजोबांनी हिंदीतच विचारलं, "इंडिया किधर? बंबई?" त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा चांगलं. त्यांचे वडील बोटीने मुंबईला जायचे यायचे, आणि ते शाळेत होते तेव्हा इकडे रुपयाच चालायचा, आपला भारतीय रुपया, १९५९ पासून खास आखातासाठी छापलेला वेगळ्या रंगाचा, पण रुपयाच, पार १९६६ पर्यंत. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी तिळगुळाचे दोन लाडू जास्त दिले. गोड बोला हे हिंदीत कसं सांगायचं यावर आमचं एकमत होईना, शेवटी "मीठा बोलो" वर भागवलं. ते दोघं गोडच बोलत होते.

मग आजोबांनी दक्षिणेकडे बोट केलं. व्याधाच्या खूप खाली, क्षितिजाच्या जरा वर, एक मोठा तारा लुकलुकत होता. "सुहैल," ते म्हणाले. "ये निकला तो गर्मी गया." ऑगस्टच्या चोवीस तारखेच्या आसपास पहाटे तो पहिल्यांदा दिसतो आणि इकडची जुनी माणसं तिथून दहा-दहा दिवसांचे टप्पे मोजत अख्खं वर्ष लावतात, मासेमारी कधी, खजूर कधी, थंडी कधी, त्याला दुरूर म्हणतात. सुहैल उगवला की रात्र गार होते अशी म्हणच आहे.

"अगस्ती," बाबा म्हणाले.

"सुहैल."

"तेच ते. हमारे उधर ये आया तो बारिश गया." पंचांगात अगस्ती-उदय लिहिलेला असतो, तो झाला की नद्यांचं गढूळ पाणी निवळतं असं बाबा सांगत होते, अर्धं मराठीत, आणि आजोबा मान डोलवत होते. मी हात लांब करून बघितलं, क्षितिजापासून जेमतेम मुठीभर वर होता तो. वाईला आणखी तीन-चार बोटं वर असतो आणि ध्रुव तितकाच खाली. त्या मुलाने मोबाईलमध्ये बघून सांगितलं की हा उजेड तिकडून निघून तीनशे वर्षांहून जास्त झाली. तारे बघायला गेलं की हे वाक्य कोणीतरी म्हणतंच, त्याशिवाय ट्रिप पूर्ण होत नाही. नवऱ्याने लगेच हिशेब लावला, म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले त्या सुमाराला. इमाराती आजोबांनी अगदी आदराने विचारलं, "आपका दादा?"

रात्री वाळवंटात झोप लागते हे साफ खोटं आहे. वाळू वरून मऊ असते आणि पाठ टेकली की सिमेंट. पहाटे उठले तर तंबू बाहेरून ओलाचिंब, दव टपटप गळतंय, खुर्च्यांवर पाणी. बाबा दारात बसून गोधडी पिळत होते, खरंच पिळत होते. "वाळवंट म्हणे," एवढंच म्हणाले.

भोगीचं अभ्यंगस्नान ओल्या टिश्यूवर उरकलं. कॅम्पिंगच्या गॅसवर तीळ लावलेल्या भाकरी, भोगीची भाजी, लोणी डब्यातलं. प्रत्येक घासाला एक कण वाळूचा, करकर. "न खाई भोगी तो सदा रोगी," बाबा म्हणाले आणि चावणं चालू ठेवलं.

नंतर फॉसिल रॉक. तांबड्या वाळूतून एकदम वर आलेला राखाडी चुनखडीचा डोंगर, आणि त्याच्या दगडात शिंपले. चित्रातले नाहीत, खरे, अंगावरच्या रेघा मोजता येतील असे. एका दगडात सागरी साळूची, म्हणजे समुद्रातल्या त्या काटेरी जिवाची गोल टिकली होती, मधोमध पाच पाकळ्यांची नक्षी, मुलगा त्यावरून बोट फिरवत बसला. (उचलून घरी आणायचं नाही, हे त्याला तीनदा सांगावं लागलं.) इथे सात कोटी वर्षांमागे समुद्र होता, उथळ आणि कोमट. आमच्या पांडवगडाचा काळा दगड साधारण साडेसहा कोटींचा, म्हणजे तिकडे लाव्हा पसरायच्या जरा आधी इकडे ह्या साळू रांगत होत्या. बाबा म्हणाले जन्म गेला त्या गडाखाली, एक शिंपला कधी दिसला नाही. लाव्हात कुठून दिसणार.

मुलाने विचारलं समुद्र गेला कुठे. आता मी जमिनीची हालचाल वगैरे सुरू करणार होते, बाबांनी आधीच सांगून टाकलं, "अगस्तीनं प्यायला. काल रात्री बघितलास तो."

"मग परत भरला नाही?"

"भरला की. भगीरथानं गंगा आणली त्यासाठी."

"मग इथे का नाही आला?"

बाबांनी चारी बाजूंची वाळू बघितली. "कालव्याच्या टेलला पाणी कधी पोचतं का बाळा," म्हणाले.

परतीच्या वाटेवर म्लेहाच्या म्युझियममध्ये थोडं थांबलो, शेजारीच चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची एक गोल थडगी-इमारत आहे. जवळच्या फाया डोंगराच्या आडोशाला सव्वा लाख वर्षांपूर्वी माणसं राहत होती असं तिथे कळलं, पुढे २०२५ मध्ये युनेस्कोने तो सगळा भाग जागतिक वारसा यादीत घेतला. बाबांना त्या माणसांबद्दल सहानुभूती वाटली, कारण त्यांना खरंच घर नव्हतं.

फेब्रुवारीत बाबा वाईला परत गेले. आणि १६ एप्रिलला आमच्याकडे पाऊस पडला. पडला म्हणजे काय, अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत अडीचशे मिलीमीटर, पंच्याहत्तर वर्षांच्या नोंदींत तसा नव्हता. आमच्या गल्लीत लोक रबरी बोटीतून दूध आणत होते. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन, टीव्हीवर बघितलेलं.

"नक्षत्र कोणतं चालू आहे गं?"

पंचांग बघून सांगितलं, अश्विनी.

"हे तर पावसाचं नव्हेच. आणि वाहन काय?"

"वाहन खाली पार्किंगमध्ये आहे बाबा. सीटपर्यंत पाणी आहे."