गेटपाशी थांब

दुपारी साडेबाराला जेवणाच्या टेबलावर एक डबा उरला. मुलं चौदा, डबे चौदा, प्रत्येकावर नावाची पट्टी आणि गटाच्या रंगाचा ठिपका. निळ्या ठिपक्याचा एक डबा कुणी उचललाच नव्हता. दहा मिनिटांपूर्वी सगळे बागेतून आत आले तेव्हा दारात मोजणी झाली होती आणि ती बरोबर चौदा भरली होती.

हे उन्हाळी सुट्टीतलं दिवसभराचं शिबिर, साडेनऊ ते साडेतीन. तेरा ते अठरा वयाची मुलं-मुली, सगळ्यांना सौम्य बौद्धिक अक्षमता, काही त्याशिवाय स्वमग्न, दोघांना फिट्सचा त्रास. मोठी माणसं पाच, हाताशी सोळा-सतरा वर्षांचे दोन स्वयंसेवक. मनगटावर लाल, निळा, पिवळा पट्टा. कागदावर सगळं चोख होतं.

मुलगा मोठ्या गेटपाशी सापडला. वय पंधरा. पाठीला दप्तर, दोन्ही अंगठे दप्तराच्या पट्ट्यांत अडकवलेले, तोंड रस्त्याकडे. डोक्यावर ऊन. चेहरा लालबुंद आणि पूर्ण कोरडा. "ताई, मी थांबलोय," एवढंच म्हणाला.

तो कोरडेपणा पाहूनच आमचे पाय लटपटले. फिट्ससाठी तो टोपिरामेट घेतो. या औषधाने काही मुलांना घाम कमी येतो, झोनिसामाइड या फिट्सच्याच दुसऱ्या औषधानेही येतो. घाम नाही म्हणजे अंग थंड व्हायची वाट बंद, ताप आतल्या आत चढत जातो. गोची अशी की बाकीची मुलं घामाने निथळत असतात आणि हे पोर लांबून मजेत दिसतं. अशा मुलांची नावं आम्ही उन्हाच्या यादीत वेगळी लिहितो: सावलीतलं काम आणि दर वीस मिनिटांनी पाणी, तेही 'तहान लागली का' असं न विचारता पेला थेट हातात देऊन. त्या दिवशी त्याचे दोन पेले चुकले होते.

सावलीत आणून बूट-मोजे काढले, शर्टाची बटणं सोडली, मान, काखा आणि जांघेत ओले कपडे ठेवले, पंखा थेट अंगावर. कानाच्या थर्मामीटरने ३८.६ अंश सेल्सिअस. काखेत लावू नये; तिथे ओला कपडा असल्यावर आकडा खोटाच कमी येतो. एक स्वयंसेवक धावत जाऊन तापाची गोळी घेऊन आला, ती परत पाठवली. उन्हाने चढलेल्या तापावर त्या गोळीचा उपयोग नसतो. पाणी घोटाघोटाने. एकीने डॉक्टरांना फोन लावला, दुसरीने आईला. ॲम्ब्युलन्सचा नंबर समोर ठेवला होता: बोलणं असंबद्ध झालं, उलटी झाली, फिट आली किंवा आकडा चाळिसाकडे सरकू लागला तर दुसरा विचार करायचा नाही.

पण बोलणं संबद्ध आहे की नाही, हे ठरवायचं कसं? चक्कर येतेय का? "हो." डोकं दुखतंय? "हो." बरं वाटतंय ना? "हो."

तेव्हा ट्यूब पेटली. प्रश्न बदलले. त्याच्यापुढे माणसाच्या आकृतीचा कागद धरला, "कुठे दुखतंय, बोट ठेव." त्याने बोट पायांवर ठेवलं. पन्नास मिनिटं उभा होता, पायच दुखणार. "संध्याकाळी कुठल्या गाडीने जातोस?" त्याने गाडीचा पूर्ण नंबर सांगितला. डोकं ठिकाणावर होतं. एकला पाच मिनिटं असताना आकडा ३७.६ वर आला. आई येऊन त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तो हजर होता.

आता घडलं कसं ते.

अकरा चाळीसला बागेत काम करताना मदतनीस ताईंना एका मुलीला घाईने स्वच्छतागृहात न्यावं लागलं. जाताना त्या याला म्हणाल्या, "झारी ठेव आणि गेटपाशी थांब, मी आलेच. कळलं ना?" तो म्हणाला, "हो ताई." त्यांच्या मनात बागेचं लाकडी फाटक, तीन पावलांवरचं. त्याच्या शब्दकोशात गेट म्हणजे जिथे रोज संध्याकाळी गाडी येते ते. आठ दिवस आम्हीच ओरडत होतो, "चला, गेटवर चला!" आणि गेटवर जायचं म्हणजे घरी जायचं, म्हणून त्याने खोलीत जाऊन दप्तरही घेतलं. दप्तर पाठीवर होतं म्हणून कोडं सुटलं, नाहीतर आम्ही 'भटकला' म्हणून मोकळे झालो असतो.

गेटवरच्या वॉचमननी त्याला पाहिलं होतं. विचारलंही, "घरी जायचंय का?" उत्तर काय आलं असेल ते सांगायला नकोच.

उरली मोजणी. ती आकड्याची होती, नावांची नव्हती. दोन स्वयंसेवकांपैकी एक त्याच उंचीचा, शिबिराचीच टोपी घातलेला, मुलांच्या रांगेत होता. तो चौदावा धरला गेला. बागेतल्या दुसऱ्या मदतनीसांना वाटलं, मुलगा पहिलीबरोबर आहे. पहिलीला वाटलं, परत येईपर्यंत दुसऱ्यांनी त्याला आत नेलं. दोघींचं वाटणं सरळ होतं. मधे शब्द मात्र एकही झाला नव्हता.

संध्याकाळी नोंद लिहायला बसलो तेव्हा पहिल्या मसुद्यात वाक्य होतं: 'मुलगा गट सोडून निघून गेला.' ते खोडलं. ही वाक्यं फाइलमध्ये राहतात आणि पुढच्या वर्षीचा शिक्षक ती वाचून मुलाला 'पळणारा' ठरवतो. मग त्याला बाहेर नेणं बंद, बागकाम बंद, सहल बंद. लिहिलं ते असं: '११:४० वाजता "गेटपाशी थांब" अशी सूचना. कुठलं गेट ते सांगितलं नाही. मुलगा मोठ्या गेटवर १२:३० पर्यंत थांबला. १२:२० ची मोजणी आकड्याने, स्वयंसेवक त्यात मोजला गेला.' घड्याळ, शब्द, जागा. विशेषणं नाहीत. त्याने सूचना तंतोतंत पाळली होती, पन्नास मिनिटं. आमच्यापैकी कुणी इतकं उभं राहिलं नसतं.

या मुलाशी पाच मिनिटं गप्पा मारल्या तर त्याला कशाची अडचण आहे हे कुणाला कळणार नाही. वाक्यं पूर्ण, उच्चार स्वच्छ, गाड्यांचे नंबर तोंडपाठ. २०१३ सालच्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी मार्गदर्शक पुस्तकात, बौद्धिक अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यंकावरून नव्हे तर रोजचं जगणं किती निभावतं यावरून ठरवायची असं आलं, ते अशी मुलं पाहिली की पटतं. 'सौम्य' या शब्दाने मोठी माणसंच जास्त फसतात. बोलण्याच्या मानाने समजणं बरंच मागे असतं, आणि ते झाकायला 'हो' सर्वांत स्वस्त. वर्षानुवर्षं 'नाही कळलं' म्हटल्यावर काय वाट्याला येतं, हे पाहूनच तो 'हो' तयार होतो.

म्हणून 'कळलं का' हा प्रश्न शिबिरातून हद्दपार झाला. एका वेळी एकच सूचना, मग मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. या मुलांना ऐकलेलं पोहोचायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो, की त्याचं गाडं पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर, "आता कुठे जाणार? दाखव." बोट दाखवलं किंवा पावलं त्या दिशेला वळली, तरच कळलं. दोन्ही गेटांना नावं दिली, 'गाडीचं गेट' आणि 'बागेचं फाटक', तिथेच काढलेले फोटो दिनक्रमाच्या फळीवर. मूल एकीकडून दुसरीकडे सोपवताना त्याचं नाव घेऊन "देतेय", समोरून नाव घेऊन "घेतलं". "घेतलं" ऐकू येईपर्यंत मूल आपलंच. दोन दिवस सगळ्यांना हे नाटकी वाटलं. मोजणी नावं वाचून, स्वयंसेवकांच्या टोप्या वेगळ्या रंगाच्या.

अवघड भाग होता त्याला शिकवण्याचा: थांबूनही कुणी आलं नाही तर काय. 'थोडा वेळ थांब'मधला थोडा वेळ त्याला दिसत नाही. घड्याळ डिजिटल, आकडे फटाफट वाचतो, पण बारा दहा आणि बारा पंधरा यांच्या मधे किती वेळ गेला ते सांगता येत नाही. घड्याळात पाच मिनिटांचा उलटा टायमर लावून दिला: वाजला की वॉचमनकाकांकडे जायचं आणि पट्ट्यामागचं कार्ड दाखवायचं. पहिल्या सरावात टायमर वाजला, त्याने शांतपणे बंद केला आणि तिथेच उभा राहिला. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी तेच. चूक आमची. वर्गात आम्ही तीच बीप 'काम संपलं, पुढचं सांगेपर्यंत बसा' यासाठी वापरत होतो. आवाज काढून टाकला, फक्त थरथर ठेवली.

पायऱ्या सहा: थरथर, बटण, वळणं, काकांपर्यंत चालणं, कार्ड काढणं, हातात देणं. शिकवायला सुरुवात शेवटच्या पायरीपासून. पहिले दोन दिवस आधीचं सगळं आम्ही हाताला धरून करायचो, कार्ड द्यायचं तेवढं त्याने. मग एकेक पायरी मागे. मदत करताना बोलायचं नाही, कोपराला हलका स्पर्श. तोंडी सूचनेची सवय लागली की ती सोडवताना नाकी नऊ येतात, पोरगं 'आता काय' म्हणून तोंडाकडे बघत राहतं. सराव एकाच गेटवर केला तर कौशल्य त्या गेटलाच चिकटतं, म्हणून तीन जागा आणि तीन वेगवेगळी माणसं. नवव्या दिवशी पाचापैकी चार वेळा त्याने सगळं बिनमदतीने केलं.

शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी गाडी खरोखरच उशिरा आली. मुद्दाम कुणी काही ठरवलेलं नव्हतं. ताई जरा मागे उभ्या होत्या, त्याच्या नजरेबाहेर, आणि बघत राहिल्या. मनगट थरथरलं. त्याने बटण दाबलं, वळला, वॉचमनच्या खोलीपाशी गेला, पट्ट्यामागचं कार्ड काढून समोर धरलं. वॉचमननी ते नीट वाचलं. 'मी शिबिरातला आहे. मला मदत हवी.' खाली दोन नंबर, शिबिराचा आणि आईचा.

"कुणाला लावू फोन? शिबिरात का आईला?"

"हो," तो म्हणाला.

त्याच रात्री कार्ड नवं केलं. आता त्यावर एकच नंबर आहे, आणि वर मोठ्या अक्षरांत: 'काही विचारू नका, या नंबरावर फोन लावा.'