ओल्या फडक्याखालची माती

मूल झाल्यावर माझ्या शिल्पकामात सर्वात आधी बदलले ते माध्यम. प्लास्टर पाण्यात कालवले की थोड्याच मिनिटांत घट्ट होऊ लागते, रडणाऱ्या बाळासाठी ते थांबत नाही; दगड थांबतो, पण त्याची बारीक धूळ कपड्यांवरून घरात येऊन तान्ह्याच्या श्वासात जाईल, ही धास्ती मला कायम वाटत राहिली. उरली माती. ओले फडके आणि वर प्लास्टिक गुंडाळून ठेवले, तर अर्धवट राहिलेला चेहरा दुसऱ्या दिवशीही बोटाखाली दबतो. एकदा फडके काढले, तेव्हा हनुवटीवर मुलीच्या अंगठ्याचा इवलासा, खोल ठसा उमटलेला होता. तो मी बुजवला नाही, तसाच भट्टीत जाऊ दिला.

सहा मुले वाढवताना रूथ असावा या अमेरिकन शिल्पकार घरातच तारेची शिल्पे विणत असत, हे मला फार मोलाचे वाटते, कारण विणकाम कुठेही थांबवून पुन्हा हाती घेता येते. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांना १९३४ मध्ये तिळी मुले झाली, आणि त्यानंतर त्यांची शिल्पे अधिकच अमूर्त होत गेली.

माझी शिल्पे आता ओंजळीत मावतात. त्यांना कोणी ‘फावल्या वेळातले काम’ म्हटले, की मला मनापासून वाईट वाटते.