पोटात गोळा येतो तेव्हा

आज लेकीच्या पोटदुखीबद्दल डॉक्टरांशी निवांत बोलणं झालं आणि जीव भांड्यात पडला. परीक्षा जवळ आली की सकाळी तिच्या पोटात मुरडा येतो, मळमळतं, चेहरा पांढराफटक पडतो. "नाटकं करते" असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दुखणं खरंच असतं! आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं, आणि व्हेगस नर्व्ह त्याला मेंदूशी जोडते. मन घाबरलं की आतड्यांची हालचाल बदलते, आणि एरवी जाणवणारही नाही एवढीशी हालचालसुद्धा दुखायला लागते.

डॉक्टरांनी आधी बाकीचं विचारून घेतलं. वजन घटतंय का, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ? यातलं काही असेल तर ताणावर ढकलून मोकळं व्हायचं नाही, तपासण्या करायच्याच.

मग तिला आडवं झोपवून पोटावर हात ठेवायला सांगितला. श्वास घेताना हात वर यायला हवा, सोडताना सावकाश खाली. सुरुवातीला नुसते खांदेच उचलले जात होते. हळूहळू हात हलू लागला, आवळलेली बोटं सैल झाली.

शाळा मात्र शक्यतो बुडवायची नाही, घरी राहून भीती वाढतेच. आणि "दुखतंय का गं?" असं सारखं विचारायचं नाही, लक्ष तिथेच अडकतं. हे मला फार जड जाणार आहे. उद्या तिच्या वर्गशिक्षिकांना भेटणार आहे. तिला लागेल तेव्हा बाथरूमला जाऊ द्या, एवढीच विनंती करायची आहे.