नोंद ५ : नंबरचा मास्क, वाया गेलेले फिन्स आणि मिशी

मागच्या नोंदीत स्नॉर्केलिंगचा, म्हणजे तोंड पाण्यात घालून तरंगत मासे बघण्याचा, माझा मास्क पुण्यातल्या जलतरण तलावात तरी गळत नाही, एवढ्यावर मी खूश होतो. खाऱ्या पाण्याची परीक्षा फेब्रुवारीत झाली. कोचीहून निघणारी लक्षद्वीपची 'समुद्रम्' सहल घेतली. रात्रीचा मुक्काम एम. व्ही. कवरत्ती जहाजावर आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी एकेक बेटं.

अशा सहलीत सगळा खेळ घड्याळाचा. जहाज प्रवाळभिंतीबाहेर खोल पाण्यात उभं राहतं. तिथून लहान बोटीत उतरायचं, किनारा गाठायचा, शहाळं प्यायचं, मग कुठे समुद्र. त्यातही जेवण आणि परतीच्या बोटीची रांग. म्हणून यंदा एकच आकडा वहीत लिहायचा ठरवला : तोंड पाण्यात घालून किती मिनिटं बघितलं. दोन वर्षांपूर्वी मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, भाड्याच्या मास्कवर पंधरा मिनिटं मिळाली होती. त्यातली निम्मी मास्कमधलं पाणी काढण्यात गेली आणि उरलेल्यांत चष्म्याविना रंगीत डाग दिसले. यंदा कवरत्तीला ३५, कल्पेनीला ७०, मिनिकॉयला जेमतेम २०.

कल्पेनीच्या सत्तरातली निदान चाळीस मी नंबरच्या काचांच्या नावावर टाकतो. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि पाव अंतराने जवळ भासतात, त्यामुळे एक-दीडचा उणे नंबर असलेल्याचं साध्या काचेवर भागून जातं. माझा साडेतीन, वर थोडा सिलिंडर (तिरकस दिसण्यासाठीचा, म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर). मास्कसाठी सिलिंडरच्या काचा तयार मिळत नाहीत. अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांत साधे नंबर मिळतात. सिलिंडरचा निम्मा आकडा मुख्य नंबरात मिळवून चारची काच घेतली. वाचायला बसलो तर डोकं दुखेल, पण मासे वाचायचे नसतात.

घोळ मात्र याच काचांनी केला. नवा मास्क टूथपेस्टने तीनदा घासला होता, कारण नव्या काचेवर सिलिकॉनचा पातळ थर असतो आणि तो निघाला नाही तर काच धुकटते. नंतर दुकानात काचा बदलून घेतल्या, आणि या काचाही नव्याच आहेत हे डोक्यात आलंच नाही! कवरत्तीला पहिली दहा मिनिटं धुक्यात. थुंकी लावून बघितली, बेबी शांपूचा थेंब लावून विसळलं, तेवढ्यापुरतं बरं. रात्री केबिनच्या बेसिनवर दोन्ही काचा आतून टूथपेस्टने घासल्या आणि दुसऱ्या दिवशी काम फत्ते.

आता मिशी. तलावात गळत नव्हतं कारण तिथे मी मास्कचा पट्टा करकचून आवळला होता. समुद्रात तासभर तसं सोसवत नाही, आणि फार आवळलं की रबराची कड वाकून उलट जास्त गळतं. सैल केला तर नाकाखालून थेंब थेंब आत. कल्पेनीच्या गाइडने माझ्याकडे दोन सेकंद बघितलं आणि तोडक्या हिंदीत निकाल दिला, "मास्क अच्छा है, भाई. मूंछ का प्रॉब्लम है." व्हॅसलिनचा सल्ला बरेच जण देतात, मी देणार नाही. काचेला लागलं की दिवसभर पुसत बसा, आणि काही रबरांना ते चालत नाही. सिलिकॉन ग्रीस जवळ नव्हतं. शेवटी दाढीच्या कात्रीने नाकाच्या लगेच खाली चार-पाच मिलिमीटरची पट्टी साफ केली. लांबून कळत नाही, असं बायको म्हणाली. जवळून काय दिसतं ते तिने सांगितलं नाही.

फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायचे रबरी पंख, नेल्याचा पश्चात्ताप आहे. विमानात १५ किलोच्या मर्यादेत जागा खाल्ली, बोट बदलताना हातात अडचण, आणि लाइफ जॅकेट घालून तरंगताना पाय मारून फारसं काही साधत नाही. वर टाचेला फोड. लगूनमधलं, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतलं, पाणी इतकं उथळ आणि शांत होतं की हळूहळू हात मारत भरपूर फिरलो. पुढच्या वेळी फक्त मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी) आणि पूर्ण बाह्यांचा स्विमिंग शर्ट. शर्टाबद्दल वाद नको : पाठ वर करून तासभर तरंगणाऱ्याला ऊन कुठे लागतं, हे पहिल्या दिवशी मानेने सांगितलं.

कल्पेनीला जे दिसलं त्यात पहिला नंबर आवाजाचा. पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडतो तो कुडुम-कुडुम आवाज पाण्यात स्पष्ट येतो. कुरतडलेला चुनखडा तो पुढे वाळू करून मागे सोडतो, म्हणजे आपण ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर शहाळं पितो त्यात याचाही वाटा आहे. फुलपाखरू मासे जोडीने हिंडत होते. वाळूवर समुद्रकाकड्या पडलेल्या. एके ठिकाणी मात्र फांद्यांचं प्रवाळ नुसतंच करडं, शेवाळलेलं होतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं आणि त्यातलं बरंच मेलं होतं. हा तुकडा त्यातल्या कोणत्या वर्षाचा, हे मी काय ओळखणार. किनाऱ्यावर पडलेला तुकडा 'आठवण म्हणून' उचलू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि परतताना सामान तपासतात.

मिनिकॉयची २० मिनिटं वाऱ्याने खाल्ली. पाणी गढूळलं, म्हणून १८८५ च्या दीपगृहावर चढून वरूनच लगूनचे रंग बघितले. तक्रार नाही.

सुकवण्याचं सांगायचं राहिलं. केबिनमध्ये गोड्या पाण्याने धुतलेला मास्क टांगायला मी दोन चुंबकी हूक नेले होते, ते भिंतीला घट्ट चिकटले. या सहलीतली ही माझी सगळ्यात हुशार खरेदी, किंमत फिन्सच्या तुलनेत काहीच नाही. स्नॉर्केल पट्ट्याला धरून ठेवणारी रबरी कडी मात्र तिसऱ्या दिवशी तुटली. सध्या तिथे बायकोचं केसांचं रबर आहे आणि ती ते परत मागते आहे.