माझ्याच बदलीची फाइल मलेच दाखवेना (माझा अनुभव)

मी कृषी विभागात, विदर्भातल्या एका तालुक्यात. बियाणे वाटपाच्या यादीत मयत शेतकऱ्यांच्या सह्या दिसल्या, वरती लेखी कळवलं, आणि दिवाळीच्या तोंडावर बदलीचा ऑर्डर हातात. एरवी बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात अन् माझी त्या जागेवरची तीन वर्षांची मुदत व्हायची होती.

सगळे म्हणे व्हिसलब्लोअर कायदा (गैरव्यवहार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा) आहे ना. अरे त्यावर 2014 ला राष्ट्रपतींची सही झाली आणि तिथंच अडकला, लागूच केला नाही. केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करायचा 2004 चा ठराव आहे तो केंद्रवाल्यांचा. आपल्या कामाचा म्हणजे राज्याचा 2005 चा बदल्यांचा कायदा, कलम 4(5): मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी पाहिजे आणि बदली करणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी पाहिजे. जिल्हा परिषदवाल्यांनी यात पडू नका, तुमचे नियम वेगळे.

आता ते कारण अन् मंजुरी असते फाइलच्या टिपणीत, आणि ती टिपणी काढता काढता माझा जीव गेला. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, सगळं बरोबर. आवकचा बाबू म्हणे, "भाऊ, साहेब दौऱ्यावर आहे जी, ठेवून जा." ठेवून जा म्हणजे पोच नाही! पुढच्या वेळी म्हणे तुमचं कार्यासन (म्हणजे टेबल) बदललं, पलीकडं द्या, पलीकडचा म्हणे इकडं द्या, आणि मी बाहेर बाकड्यावर बसून त्यांचं चहापान पाहून राहिलो. शेवटी पोस्टानं रजिस्टर केला, पोच आपोआप आली. तीस दिवस संपता संपता उत्तर काय, तर त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती, देता येत नाही. माझ्याच बदलीत त्रयस्थ कोण, मीच?? डोकं असं फिरलं की विचारू नका. पहिलं अपील केलं (वीसचा स्टॅम्प लागतो), सुनावणीत अपिलीय अधिकारी मॅडमनं कागद वाचून माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्यालाच विचारलं काहून दिलं नाही, तवा कुठं दोन रुपये पानानं झेरॉक्स मिळाली.

त्या पानावर निळ्या पेनानं एकच ओळ, "प्रशासकीय निकडीमुळे बदली प्रस्तावित". खाली मंजुरीच्या जागी कोरं. सही नाही, तारीख नाही. वकील साहेब ते पान पाहून हसलेच.

मग नागपूरच्या मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, सरकारी नोकरांच्या केसेस तिथं चालतात) अर्ज, स्टे, अन् ऑर्डर रद्द. ते सगळं सुतासारखं सरळ झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक मात्र, मॅटला वर्षभराची मुदत असते म्हणून थांबू नका, तुमच्या खुर्चीवर दुसरा रुजू झाला की काम जड जाते. माझ्या जागेवर अजून कोणी आलं नव्हतं म्हणून बरं.

आणि हो, मूळ तक्रारीची आवक क्रमांकवाली प्रत घरी ठेवा, ऑफिसच्या कपाटात नको. बदली तक्रारीनंतर झाली हे तारखेवरूनच दिसते. अन् वकील बदलीच्या केसेस करणारा पाहा, जमिनीच्या भांडणातला नको.