कंपनी नको, मॉडेल नंबर सांगा

हार्ड डिस्क उडाली की माणूस आधी कंपनीवर काट मारतो. 'यांचं पुन्हा घेणार नाही' हे दहा जणांना सांगतो. तो राग मला कळतो. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतले फोटो मिळत नाहीत. पण त्या रागातून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो, आणि पुढची खरेदी त्याच्याच भरवशावर होते.

साधा हिशेब आहे. वर्षाला शंभरात दोन डिस्क जातात असं धरा. दहा हजार लोकांकडे एकाच कंपनीच्या दोन-दोन डिस्क असल्या, तर निव्वळ योगायोगाने साधारण चौघांच्या दोन्ही डिस्क एकाच वर्षात जातील. त्या चौघांच्या लेखी ती कंपनी संपली. ज्यांचं काहीच बिघडलं नाही, असे साडेनऊ हजारांहून जास्त लोक मात्र गप्प असतात; चालणाऱ्या डिस्कबद्दल कोण कशाला बोलेल?

दोन टक्के मी उगाच धरलेले नाहीत. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन या संशोधकांनी 2007 साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. डिस्क बिघडेपर्यंत सरासरी किती तास चालते याचे दहा-पंधरा लाखांचे आकडे कंपन्या छापतात; त्यांवरून वर्षाला फार तर 0.88 टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात 2 ते 4 टक्के ही नेहमीची गोष्ट निघाली, काही ठिकाणी तर 13 टक्क्यांपर्यंत.

म्हणजे सगळा नशिबाचा खेळ आहे का? मुळीच नाही. खराब मॉडेलं असतातच. बॅकब्लेझ ही लोकांच्या डेटाचा ऑनलाइन बॅकअप ठेवणारी कंपनी आपल्या हजारो डिस्कच्या बिघाडांचे तक्ते छापते. सीगेटचं 3 टीबीचं एसटी3000डीएम001 तिच्या डेटा सेंटरमध्ये भराभर गेलं. त्याच कंपनीचं 4 टीबीचं मॉडेल तिथेच कितीतरी बरं चाललं. आयबीएमच्या डेस्कस्टार 75जीएक्सपीला तर लोक 'डेथस्टार' म्हणायचे. 2003 मध्ये आयबीएमचा डिस्कचा धंदा हिताचीकडे गेला, आणि पुढे हिताचीच्या डेस्कस्टार डिस्क बॅकब्लेझच्या तक्त्यांत सर्वांत टिकाऊंमध्ये आल्या. नाव तेच, डिस्क वेगळी! 2012 मध्ये तोही धंदा वेस्टर्न डिजिटलने घेतला. आता सांगा, जुना राग कोणावर काढायचा?

आमच्या ऑफिसच्या सर्व्हरमध्ये एकाच खोक्यातून आलेल्या, लागोपाठच्या सीरियल नंबरच्या चार डिस्क होत्या. त्यातल्या दोन थोड्याच अंतराने गेल्या. सहकाऱ्यांनी कंपनी बदला म्हटलं. त्याच कंपनीच्या वेगळ्या मॉडेलच्या डिस्क शेजारच्या मशीनमध्ये तेवढाच भार घेऊन आजही चालताहेत. माझा संशय बॅचवर आहे, आणि म्हणून आता मी एका सर्व्हरमध्ये एका बॅचच्या सगळ्या डिस्क बसवू देत नाही.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तिच्यातल्या 5, 197 आणि 198 या क्रमांकांच्या नोंदी जरूर बघा. बदललेले किंवा वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे कप्पे, वाढू लागले की त्याच दिवशी डेटा हलवा. मात्र ते आकडे शून्य आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. गूगलच्या 2007 च्या अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी तापमान सोडता असा कुठलाच इशारा दिला नव्हता.

त्यामुळे 'कुठल्या कंपनीची घेऊ?' असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, दुसरी प्रत कुठे आहे? ती नसेल तर एकाच्या बजेटमध्ये दोन लहान घ्या, वेगवेगळ्या मॉडेलच्या, आणि एक दुसऱ्या जागी ठेवा. कंपनी कुठलीही चालेल.