हिरड्याचा झोन मोजण्याआधी

हिरड्याचा अर्क स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या प्लेटवर टाकला की बहुतेक वेळा छान मोठा झोन, म्हणजे जीवाणू न वाढलेलं वर्तुळ, येतो. प्रोजेक्टमध्ये मग ‘हिरडा जीवाणूनाशक आहे’ असं लिहून मोकळं होतात. इतकी घाई करू नये.

अर्क काढणं सोपं आहे. बी काढून वरची वाळलेली साल दळायची. 10 ग्रॅम पूड 100 मिलि 70 टक्के इथेनॉलमध्ये 24 तास शेकरवर ठेवून गाळायची आणि गाळलेलं द्रावण 40 अंशांवर आटवायचं. पूर्ण सुकल्यावर वजन करून डीएमएसओ या द्रावकामध्ये मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम विरघळवायचं.

खरी गडबड प्लेटवर होते. म्यूलर-हिंटन अगार (जीवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) 4 मिमी जाड हवा. 90 मिमीच्या प्लेटला साधारण 25 मिलि लागतं. थर पातळ झाला की झोन उगाच मोठा दिसतो. कल्चरचा गढूळपणा 0.5 मॅकफार्लंड या प्रमाणाला जुळवून 15 मिनिटांच्या आत स्वॅबने प्लेटभर पसरवा. अर्कासाठी वेल (अगारमधलं भोक) पाडताना अगार तळापासून सुटला तर अर्क खालून पसरतो आणि झोन वेडावाकडा येतो. शेजारी 10 मायक्रोग्रॅमची जेंटामायसिन या प्रतिजैविकाची डिस्क ठेवाच. एटीसीसी 25923 या स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या प्रमाणित वाणावर तिचा झोन 19 ते 27 मिमीत बसला नाही, तर ती प्लेट धरू नका.

नुसत्या डीएमएसओचा वेल सगळेच ठेवतात, आम्लाचा कुणी ठेवत नाही. हिरड्यात गॅलिक आम्ल आणि टॅनिन भरपूर, त्यामुळे अर्क चांगलाच आंबट असतो. त्याचा पीएच मोजा आणि तेवढ्याच पीएचचं सायट्रिक आम्ल एका वेलमध्ये घाला. शिवाय सोडियम हायड्रॉक्साइडने 7 वर आणलेला अर्कही लावून पाहा. सायट्रिक आम्लालाही झोन आला किंवा 7 वर आणलेल्या अर्काचा झोन गेला, तर आम्लाचा संशय घ्यायलाच हवा. मात्र अल्कलीत टॅनिन बिघडतात, म्हणून पीएच वाढवल्यावर लगेच वापरा.

झोनच्या आकारावरून दोन वनस्पतींची तुलनाही करू नये. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, अगारमध्ये जेमतेम सरकतं. झोन छोटा आला म्हणजे ते दुबळं ठरत नाही. त्यासाठी 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं सर्वात कमी प्रमाण, काढावी लागते: अर्क दर वेलला निम्मा करत न्यायचा, जीवाणू मिलिलिटरला 5 लाख. हिरड्याचं टॅनिन ब्रॉथमधल्या (पातळ माध्यमातल्या) प्रथिनांना धरून साका करतं, म्हणून गढूळपणा बघून वाढ ठरवता येत नाही. रेझाझुरिन हा रंग घातला तर निळ्याचं गुलाबी होणं ही वाढीची खूण. पण जीवाणूंशिवायचा अर्कही तो रंग बदलू शकतो, म्हणून तसा वेल ठेवा. तोही गुलाबी झाला, तर प्रत्येक वेलमधले 10 मायक्रोलिटर साध्या अगारवर टाकून वाढ पाहणं हाच भरवशाचा मार्ग.